चांदण्यांचा फोटो काळा का येतो?

उमरीहून बोलतेय. दर वेळी मी तुमच्याशी बचत, हप्ते, वहीतल्या सह्या यावर बोलते. आज विषय आभाळातला आहे आणि तुमच्या हातातल्या मोबाईलचाही. गटात बसून ऐकत असाल तर एखादीनं मोबाईल काढून जवळ ठेवा, मी सांगेन तशी बटणं बघता येतील.

मला आधी हे सांगा, गेल्या संकष्टीला तुमच्यातल्या किती जणींनी चंद्राचा फोटो काढला? चंद्र उगवायची वाट बघत अंगणात उभं राहायचं, ताट तयार, आणि तेवढ्यात मोबाईल वर धरायचा. फोटोत काय येतं? पांढरा गोळा. भाकरीला घेतलेल्या पिठासारखा. डाग नाही, कडा नाही. आता दुसरी गोष्ट. अमावास्येच्या आसपास चांदण्यांनी भरलेलं आभाळ दिसलं म्हणून त्याचा फोटो काढला, तर नुसता तव्याचा बुडखा. काळं. एकाच मोबाईलमधून एक फोटो जास्त पांढरा आणि एक जास्त काळा, असं का होतं?

बहुतेक जणी म्हणतात, मोबाईल साधा आहे ना आमचा. साधा असेलही. पण खरं कारण वेगळं आहे. मोबाईलमधला कॅमेरा स्वतःच्या मनानं ठरवतो की किती उजेड आत घ्यायचा. त्याला ऑटो म्हणतात. हा ऑटो दिवसाच्या कामासाठी शिकवलेला आहे. माणसांचे चेहरे, लग्न, वाढदिवस, बाजार. चंद्राचा फोटो काढताना तो बघतो की सगळीकडं अंधारच अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवत नेतो. मग बिचारा चंद्र जळून पांढरा होतो. चांदण्यांच्या वेळी उलटं. तो वाढवून वाढवून पाव सेकंद, फार तर अर्धा सेकंद उजेड घेतो आणि थांबतो, कारण हातात धरलेला मोबाईल हलणार हे त्याला माहीत असतं. चांदणीचा उजेड तेवढ्यात कुठं पुरणार?

म्हणजे उपाय एकच. ऑटोच्या हातातून कारभार काढून आपल्या हातात घ्यायचा.

कॅमेरा उघडला की खाली फोटो, व्हिडिओ अशी नावं सरकतात. ती सरकवत शेवटाकडं गेलात की 'मोअर' किंवा 'अधिक' असं येतं, त्यात 'प्रो' नावाचा कप्पा असतो. काही मोबाईलमध्ये त्याला 'मॅन्युअल' म्हणतात. तो उघडला की खाली आयएसओ, एस, एफ किंवा एमएफ, डब्ल्यूबी अशी अक्षरं दिसतात. पोरी ती बघूनच बाहेर येतात. येऊ नका. आपल्याला त्यातली तीनच लागतात.

पहिलं एस, म्हणजे शटर. शटर म्हणजे उजेडासाठी दार किती वेळ उघडं ठेवायचं. टाकीचा नळ थेंब थेंब गळतोय आणि खाली तांब्या ठेवलाय असं समजा. एका सेकंदात तांब्या भरत नाही, पण पंधरा सेकंद ठेवला तर तळाला पाणी दिसायला लागतं. चांदण्यांचा उजेड असाच थेंबाथेंबानं येतो. म्हणून तांब्या खाली ठेवायचा वेळ आपण वाढवायचा.

दुसरं आयएसओ. आत्ता माझा आवाज बारीक येत असेल तर तुम्ही रेडिओचं बटण फिरवता. माझा आवाज वाढतो, पण मागची खरखरही वाढते. आयएसओ तसंच आहे. आकडा वाढवला की फोटो उजळ होतो, पण त्यात रंगीत कण, रव्यासारखी खर दिसायला लागते. म्हणून आयएसओ लागेल तेवढाच ठेवायचा. या दोघांचा हिशोब सोपा आहे: आयएसओ ८०० वर २० सेकंद, १६०० वर १० सेकंद आणि ३२०० वर ५ सेकंद, तिन्ही फोटो सारखेच उजळ येतात. एक दुप्पट केलं की दुसरं निम्मं. गटाच्या वहीत यापेक्षा अवघड हिशोब तुम्ही रोज करता.

तिसरं फोकस. अंधारात मोबाईलला कशावर नजर ठेवावी तेच कळत नाही, तो पुढं-मागं करत राहतो आणि चांदण्या दाण्यासारख्या न येता फुटाण्यासारख्या फुगून येतात. म्हणून एफ किंवा एमएफवर बोट ठेवून पट्टी शेवटपर्यंत न्यायची, जिथं डोंगराचं चित्र असतं. डोंगर म्हणजे लांबचं. चांदण्यांपेक्षा लांब काय असणार! काही मोबाईलमध्ये पट्टी अगदी टोकाला नेली तर फोटो किंचित पुसट येतो. मग एक केसभर मागं आणून बघायचं.

आता आधी चंद्राचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, ते ऊनच आपल्याला दिसतं. आपल्याकडं रात्र असली तरी चंद्राच्या त्या अंगावर दिवस आहे. मग त्याचा फोटो दिवसाच्या सेटिंगनंच काढायचा. आयएसओ १०० आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, म्हणजे एकाखाली १२५ लिहिलेलं असतं ते. पौर्णिमेच्या आसपास त्याहून कमी, एकाखाली २५०. भोवतालचं आभाळ काळं कुट्ट येईल, येऊ द्या. पण चंद्रावरचे डाग दिसतील. बोटांनी ओढून फार मोठा करू नका, त्यानं चंद्र मोठा होत नाही, फोटोच फाटतो. बस, चंद्र झाला.

चांदण्यांना मात्र वेळ द्यावा लागतो, आणि माझा जीव तिथं अडकलाय. का ते सांगते.

एका गावात गटाची बैठक रात्री होती. दिवसा सगळ्या कापूस वेचायला. बैठक संपून अंगणात आलो तर एक सत्तरीच्या काकू वर बघून म्हणाल्या, तिकांडं अजून खालीच हाय, वेळ नाही झाला फार. घड्याळात पाहिलं तर साडेआठ. तिकांडं म्हणजे मृगातल्या तीन सरळ चांदण्या. मग त्यांनी बाज दाखवायची कबुली दिली, म्हणाल्या, ती आत्ता नाही, मध्यरात्रीनंतर वर येती. बाज म्हणजे सप्तर्षी. चार चांदण्यांची बाज आणि तिच्या मागं तीन चोर. घरात घड्याळ नव्हतं तेव्हा मार्गशीर्षात तिकांडं माथ्यावर आलं की मध्यरात्र, ते मावळतीकडं कललं की उठून जात्यावर बसायचं, असं त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलेलं. मी घरी येऊन हिशोब केला. मार्गशीर्षात मृग खरंच बाराच्या सुमारास माथ्यावर येतो. काकूंचं घड्याळ बरोबर होतं.

त्यांच्या नातीनं लगेच मोबाईल काढून तिकांड्याचा फोटो घेतला. काळा. काकू म्हणाल्या, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यात येतंय ते तुझ्या एवढ्या मोठ्या मोबाईलात का येईना? आता या पोरीला जात्यावर बसायचं नाही, पहाटे तिकांडं बघून उठायचं नाही. ती शिकणार, नोकरी करणार, चांगलं आहे. पण तिच्या आजीला ठाऊक असलेली चांदण्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. आजीबरोबर ती जातील. फोटोत चांदण्या आल्या तर आजीला त्यावर बोट ठेवून विचारता येतं, ही कोण, हिला काय म्हणता. म्हणून हा सगळा खटाटोप.

एकीनं मला तोंडावर विचारलं होतं, ताई, यानं पोटाला काय मिळणार? खरं सांगायचं तर सरळ काही मिळणार नाही. मात्र जिला अंधारात कॅमेरा सांभाळता येतो तिला घरातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या पापडांचा, लोणच्याच्या बरणीचा फोटोही नीट काढता येतो, ही बटणं तीच आहेत. आणि मोबाईल रात्री नवऱ्याकडून, पोराकडून आपल्या हातात यायला एक कारण मिळतं, हे पण थोडं नाही.

तर मग चांदण्यांचं सेटिंग. मोबाईलमधून सुरुवात करा आयएसओ १६००, शटर १० सेकंद, फोकस डोंगरावर, फ्लॅश बंद, एचडीआर बंद. फोटो बघा. काळा वाटला तर शटर १५ करा, मग आयएसओ ३२००. आभाळ दुधट किंवा तांबूस आलं तर जवळपास दिव्यांचा उजेड आहे, मग आयएसओ ८०० वर आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वरणात मीठ आणि तिखट एकदम टाकलं तर काय जास्त झालं ते कळत नाही, तसंच.

मग ३० सेकंदच का ठेवू नये, आणखी उजेड येईल, असं आमच्या गटातल्या पोरींना वाटलं. ठेवून बघितलं. चांदण्या गोल न येता तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट आल्या. कारण आपण फिरतोय. पृथ्वी चोवीस तासांत एक गिरकी घेते, म्हणजे आभाळ दर चार मिनिटाला एक अंश सरकतं. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. फोटोवाल्यांचा यासाठी एक जुना आडाखा आहे. पाचशेला भिंगाच्या आकड्यानं भागायचं. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबानं साधारण २५ धरतात. पाचशे भागिले पंचवीस, वीस सेकंद. त्याच्या वर गेलात की चांदणी घसरते. मोबाईलला तर दहा-पंधराच बरे.

भाचा-पुतण्या लग्नाचे फोटो काढत असेल आणि मोठा कॅमेरा मागून आणलात तर त्याला सांगा, वरची चकती 'एम'वर ठेव, भिंग १८ वर, एफचा आकडा खाली जाईल तितका खाली. एफचा आकडा लहान म्हणजे भिंगाचं तोंड मोठं. उलटं वाटतं, पण तसंच आहे. साध्या भिंगाला तो साडेतीनपर्यंत जातो. वेळ १५ ते १८ सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००. आणि फोकस हातानं, पडद्यावर एखादी ठळक चांदणी मोठी करून ती सुईच्या टोकाएवढी होईपर्यंत. लग्नात हे लागत नाही म्हणून बऱ्याच पोरांनाही येत नसतं, तुम्हीच शिकवा.

ज्यांच्या मोबाईलात प्रो नाहीच त्यांनी नाईट नावाचा कप्पा वापरा. तो एरवी दोन-तीन सेकंद घेतो, पण मोबाईल अगदी न हलता ठेवला तर काही मोबाईल स्वतःहून जास्त वेळ घेतात. त्यातही तिकांडं येतं, आम्ही काढलंय.

न हलता म्हणजे कसं? दहा सेकंद हातात धरून कुणालाच जमत नाही, श्वास घेतला तरी हलतो. तीन पायाचं स्टँड मिळतं, पण त्यावाचून अडत नाही. पायलीत किंवा एखाद्या डब्यात ज्वारी भरा, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी लावा म्हणजे चार्जिंगच्या भोकात भुसकट जाणार नाही, कॅमेऱ्याचा डोळा तेवढा पिशवीबाहेर ठेवा आणि ज्वारीत तिरका रोवा. हवा तसा कलता येतो आणि ढिम्म हलत नाही. डोक्यावर घागर घेताना ठेवतो ती चुंबळही चालते, विटेवर चुंबळ आणि चुंबळीवर मोबाईल. फोटोचं बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून टायमर लावायचा, तीन सेकंद. बटण दाबून हात काढून घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं. गप्प उभं राहणं सगळ्यांत अवघड, पण जमतं.

आता जागा आणि दिवस. चंद्र नसलेली रात्र पाहिजे. अमावास्येच्या अलीकडं-पलीकडं चार-पाच दिवस. आणि आपल्या भागाचं नशीब असं की वर्षातली एक चांगली अमावास्या आपण शेतातच काढतो. येळवस! माझं माहेर उदगीरकडचं, तिकडं मार्गशीर्षातल्या या वेळ अमावास्येला गाव ओस पडतं. लातूर, धाराशिव, नांदेडचा त्याला लागून असलेला भाग, सगळे शेतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर. पाहुणे पोटभर जेवतात, पूजा होते आणि अंधार पडायच्या सुमाराला घरी निघायची घाई सुरू होते. या वेळी तासभर थांबा. हिवाळ्यातली कोरडी हवा, चंद्र नाही, गावाचे दिवे लांब, घरची सगळी माणसं सोबत. बाईमाणसानं रात्री शेतात कशाला थांबायचं, असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही.

आठच्या सुमाराला पूर्वेला तोंड करा. मृग उगवून बऱ्यापैकी वर आलेला असेल, त्याच्या पोटात तिकांडं. त्याच्या वर लालसर रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा झुमका. मृगाच्या खाली नुकताच उगवलेला व्याध, साऱ्या आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा. हे सगळं एका फोटोत बसतं. साडेआठ-नऊला दक्षिणेकडून अगस्ती वर येतो. मोबाईल आडवा धरा आणि खाली एखादी बाभळ किंवा खोप घ्या. नुसत्या चांदण्यांच्या फोटोत वर काय आणि खाली काय ते कळत नाही. दहा सेकंद चालू असताना बाभळीवरून टॉर्च एक सेकंदभर फिरवलात तर ती पण फोटोत येते. एकच सेकंद हं, जास्त फिरवलात तर चुना लावल्यासारखी दिसेल.

उत्तरेला ध्रुव शोधायचा असेल तर हात लांब करून मूठ धरा. क्षितिजावर एकावर एक दोन मुठी, तिथं ध्रुव. उमरी १९ अंशांवर आहे म्हणून तो आपल्याकडं एवढा खाली दिसतो. काश्मीरला असतो तर साडेतीन मुठी वर दिसला असता. मोबाईल त्याच्याकडं रोखून ३०-३० सेकंदांचे फोटो तासभर लागोपाठ घेतले आणि मग ते एकावर एक चढवले, तर ध्रुवाभोवती सगळ्या चांदण्यांची गोल रिंगणं उमटतात. ते चढवायचं काम संगणकावर करावं लागतं, ते कॉलेजच्या पोरीवर सोपवा. उमरीजवळ असाल तर पश्चिमेला कॅमेरा रोखू नका, नांदेडचा उजेड त्या बाजूला आभाळाच्या कडेला दिसतो. रुळाजवळही नको, गाडी गेली की तिच्या दिव्यानं दहा सेकंदांचा फोटो वाया.

आकाशगंगेचा दाट पट्टा मात्र येळवसला नाही सापडायचा. त्याला मार्चअखेर पहाटे चारला उठून आग्नेयेला बघावं लागतं, किंवा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडं. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात झोपतोच आपण. विंचवाच्या आकाराचं वृश्चिक आणि त्यातली लाल ज्येष्ठा सापडली की त्याच्या शेपटीशी हा पट्टा सगळ्यांत दाट. त्याला आयएसओ ३२०० आणि १५ सेकंद लावा. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री दर वर्षी मिथुन राशीतून उल्का पडतात, दहानंतर. तेव्हा हेच सेटिंग ठेवून एकामागून एक फोटो घेत राहायचं. कुठल्या फोटोत रेघ सापडेल ते नशीब.

जाताना थोडी काळजी. पायात बूट, हातात काठी, तिघी-चौघी मिळून. अंधारात डोळे तयार व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाईलचा झगमगता पडदा एकदा बघितला की ती वीस मिनिटं गेली. पडद्याचा उजेड अगदी कमी करा, टॉर्चवर लाल कापड बांधा. लाल उजेडानं डोळे बिघडत नाहीत. थंडीत दव पडून कॅमेऱ्याचा डोळा धुरकट होतो, मऊ सुती कापडानं अधूनमधून पुसायचा.

हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हटलं तर त्यांना आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगा. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण कोकणातून सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर, मग वऱ्हाड असं गेलं. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला दुर्बिणी घेऊन बसले होते. आणि वऱ्हाडात धामणगावजवळच्या तळणीला इंग्लंडहून आलेल्या मंडळींत अ‍ॅनी माँडर नावाची बाई होती. ती गणित शिकलेली, ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी करायची. १८९५ ला तिनं लग्न केलं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला तिथं नोकरीत ठेवत नसत. आभाळाचं काम तिनं सोडलं नाही. तळणीला ती स्वतःचा लहान भिंगाचा कॅमेरा घेऊन उभी राहिली. सूर्य पूर्ण झाकला जाणार जेमतेम दोन मिनिटं. फोटो काचेवर, लगेच बघायची सोय नाही, चुकला तर पुन्हा ग्रहणाची वाट बघा. दार किती वेळ उघडं ठेवायचं हे तिला आधीच ठरवावं लागलं. तिच्या फोटोत सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब किरण आला. तोवर एवढा लांब कुणाच्याच फोटोत आला नव्हता. पुढं १९०८ साली नवरा-बायकोच्या नावानं आभाळावरचं एक पुस्तक निघालं, त्यात नवऱ्यानं स्वतः लिहून टाकलं की हे जवळपास सगळं माझ्या बायकोचं काम आहे. आणि लंडनच्या ज्या खगोल संस्थेनं १८९२ साली तिला बाई म्हणून सभासद करून घेतलं नव्हतं, तिनं १९१६ साली घेतलं. चोवीस वर्षं लागली. (ग्रहणाचा विषय निघाला म्हणून सांगते, सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी किंवा साध्या मोबाईलनं कधीच बघायचं नाही. आजचं सगळं रात्रीचं आहे.)

शेवटी एक काम ग्रामसभेचं. गावातले नवे पांढरे दिवे बघितलेत? खांबावर भगभगीत, आणि निम्मा उजेड वर आभाळात. वीज ग्रामपंचायतीची, म्हणजे आपली. दिवे नकोत असं मी म्हणत नाही, पोरींना रात्री शिकवणीहून येताना दिवा पाहिजेच. पण तो खाली, रस्त्यावर पडला पाहिजे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे राखून ठेवलेलं काळोखाचं आभाळ, म्हणून मान मिळाला. त्यासाठी जंगलाकडेच्या वाघोली, सिल्लारीसारख्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडं तोंड असलेले लावले. गावं अंधारात गेली नाहीत. दिव्याला वरून टोपी आली इतकंच. आपल्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघेल तेव्हा महिला ग्रामसभेतून हे मांडा, की नवा दिवा लावताना टोपीचा लावा, खालच्या बाजूला उजेड पाडणारा.

तर येळवसला काय करायचं? फोटो काढून झाले की लगेच घरातल्या म्हाताऱ्या बाईला दाखवा. डोळ्याला कमी दिसत असेल तर मोठा करून दाखवा. ही कोण, हिला तुमच्या माहेरी काय म्हणायचे, ही वर आली की काय काम करायचे, विचारा आणि त्यांचा आवाज त्याच मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोटोला नाव देताना गाव, तारीख, वेळ आणि आयएसओ-शटरचा आकडा लिहा, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा चाचपडावं लागणार नाही. एकाच चांदणीला दोन गावांत दोन नावं सापडली तर दोन्ही लिहा, यातलं चूक कुठलंच नाही. पुढच्या महिन्याच्या प्रभाग बैठकीला ते घेऊन या, आपण सगळ्यांचं मिळून एका वहीत उतरवू. हिशोबाच्या वहीत नको, वेगळी वही करू.

आणि घरी आलात की मोबाईल प्रोमधून काढून साध्या फोटोवर आणायला विसरू नका. नाहीतर सकाळी सूनबाई उन्हात बाळाचा फोटो काढेल, बाळ चंद्रासारखं पांढरंफटक येईल आणि नाव तुमच्यावर येईल.